तळपायाची चामखीळ : ओळख, उपचार आणि घ्यावयाची काळजी

तळपायाला होणारी चामखीळ हा विषाणूंमुळे उद्भवणारा, सौम्य परंतु चिवट असा त्वचाविकार आहे. शरीराच्या अन्य भागांवर येणारी चामखीळ त्वचेवर उंचवट्याच्या रूपाने दिसते. तळपायावर मात्र देहाचा सारा भार पडत असल्याने ती आत दाबली जाते आणि तिच्यावर जाड, कठीण त्वचेचा थर चढतो. परिणामी चालताना वहाणेत खडा अडकल्याप्रमाणे ती सतत टोचत राहते.

या विकारापासून जीवितास धोका नसतो. अनेकदा तो कोणत्याही उपचाराविना बरा होतो. तथापि, त्याला कुरूप समजून पात्याने कापणे, डागणे किंवा तीव्र औषधे लावणे हे प्रकार सर्रास घडतात आणि मूळ विकारापेक्षा या उपायांनीच अधिक हानी होते. मधुमेहाच्या रुग्णांच्या बाबतीत तर अशी एखादी जखम पाय गमावण्यापर्यंतही नेऊ शकते. त्यामुळे या विकारात औषधापूर्वी अचूक निदानाला महत्त्व आहे.

नावांमधील संभ्रम

‘चामखीळ’ हा शब्द संस्कृतातील ‘चर्मकील’ या शब्दापासून आला आहे. चर्म म्हणजे कातडी आणि कील म्हणजे खिळा. तळपायाला सतत दाब पडून तयार होणाऱ्या कठीण गाठीला मराठीत कुरूप किंवा भोवरी म्हणतात. सुश्रुतसंहितेतही हे दोन विकार वेगवेगळे वर्णिले आहेत. खडे किंवा काटे रुतल्याने पायाला होणाऱ्या कठीण गाठीला तेथे ‘कदर’ असे नाव असून तिची गणना क्षुद्ररोगांमध्ये केली आहे.

व्यवहारात मात्र हा भेद पुसट झाला आहे. हिंदी भाषक प्रदेशात कुरुपाला ‘गोखरू’ आणि चामखिळीला ‘मस्सा’ म्हणतात. परंतु तळपायावरील चामखीळही बहुधा ‘गोखरू’ याच नावाने ओळखली जाते. तमिळमधील ‘काल्-आणी’ आणि मल्याळममधील ‘आणीरोग’ या शब्दांचा अर्थ पायातील खिळा असा होतो आणि दोन्ही विकारांसाठी ते सरसकट वापरले जातात. नाव एक झाले की औषधही एकच लावले जाते. वास्तविक एका विकाराचे कारण दाब हे आहे, तर दुसऱ्याचे कारण विषाणू.

विकाराचे कारण

चामखीळ संसर्गजन्य आहे, हे इटलीतील संशोधक जुसेप्पे चुफो यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले. चामखिळीचा अर्क सूक्ष्म गाळणीतून गाळून त्यातील जिवाणू व पेशी वेगळ्या केल्यानंतरही त्या अर्कामुळे नवी चामखीळ निर्माण होते, असे त्यांना आढळले. हे घडविणारा घटक म्हणजे मानवी पॅपिलोमा विषाणू, अर्थात एचपीव्ही. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आज ज्ञात आहेत. तळपायावरील चामखिळींना प्रामुख्याने १, २, ४, २७ आणि ५७ या क्रमांकांचे प्रकार कारणीभूत ठरतात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी निगडित असलेले १६ व १८ क्रमांकांचे प्रकार यांहून निराळे आहेत. त्यामुळे तळपायाला चामखीळ झाली म्हणून कर्करोगाची भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध दिली जाणारी लस हा या चामखिळीवरील उपाय नव्हे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने तयार केलेल्या आणि २०२२ मध्ये भारतात मंजुरी मिळालेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लशीचा रोख ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर आहे. तळपायावर आढळणाऱ्या प्रकारांचा तिच्यात समावेश नाही.

त्वचेला पडलेल्या सूक्ष्म भेगेतून किंवा ओरखड्यातून हा विषाणू शिरकाव करतो. पाण्याने मऊ पडलेली त्वचा त्याला अधिक अनुकूल असते. म्हणूनच जलतरण तलावांचा परिसर, वसतिगृहांतील व व्यायामशाळांतील सामायिक स्नानगृहे ही संसर्गाची ठिकाणे मानली जातात. संसर्ग झाल्यानंतर चामखीळ दिसू लागण्यास काही आठवड्यांपासून अनेक महिन्यांपर्यंत कालावधी लागतो. त्यामुळे संसर्ग नेमका कोठे झाला, हे सांगणे बहुधा शक्य नसते. शाळकरी मुले व किशोरवयीन यांच्यात हा विकार अधिक आढळतो. अवयव प्रत्यारोपणानंतर औषधे घेणारे रुग्ण, एचआयव्हीबाधित रुग्ण आणि अन्य कारणांनी रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्ती यांच्यात चामखिळी संख्येने अधिक येतात आणि दीर्घकाळ टिकतात.

कुरूप की चामखीळ?

या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी तज्ज्ञ पुढील लक्षणांकडे लक्ष वेधतात.

पहिले लक्षण त्वचेवरील रेषांचे. बोटांच्या ठशांप्रमाणेच तळपायावरही सूक्ष्म रेषा असतात. कुरुपावरून किंवा घट्ट्यावरून या रेषा अखंड जातात. चामखिळीच्या ठिकाणी मात्र त्या खंडित होऊन बाजूने वळतात.

दुसरे लक्षण काळ्या ठिपक्यांचे. चामखिळीचा वरचा कठीण थर निघाल्यावर आत मोहरीहूनही लहान असे काळे किंवा तपकिरी ठिपके दिसतात. लोक त्यांना ‘बी’ किंवा ‘मूळ’ म्हणतात. प्रत्यक्षात त्या रक्त गोठलेल्या केशवाहिन्या असतात. कुरुपाच्या मध्यभागी असे ठिपके नसतात, तर अर्धपारदर्शक कठीण गाभा असतो.

तिसरे लक्षण वेदनेचे. कुरूप वरून सरळ दाबल्यास दुखते. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबल्यास अधिक दुखते.

चौथे लक्षण जागेचे. कुरूप हाड टेकते किंवा पादत्राण घासते अशा ठिकाणीच होते. चामखीळ तळपायावर कोठेही उद्भवू शकते. अनेक लहान चामखिळी एकत्र येऊन त्यांचा फरशीच्या तुकड्यांसारखा पट्टाही तयार होतो. असा पट्टा उपचारांना विशेष दाद देत नाही.

चामखिळीला मूळ असते आणि ते उपटल्याखेरीज ती जात नाही, हा समज सर्वत्र आढळतो. तो निराधार आहे. चामखीळ ही त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरापुरतीच मर्यादित असते. हाडापर्यंत किंवा मांसापर्यंत जाणारे कोणतेही मूळ तिला नसते. मूळ शोधण्यासाठी खोलवर केलेल्या कापाकापीने केवळ व्रण उरतो आणि तळपायावरील व्रण आयुष्यभर दुखत राहू शकतो.

चामखिळीसारखे दिसणारे अन्य विकार

तळपायावरील प्रत्येक कठीण गाठ चामखीळ किंवा कुरूप असेलच असे नाही. गंगेच्या खोऱ्यातील आर्सेनिकयुक्त भूजल वर्षानुवर्षे पिणाऱ्या लोकांच्या तळहातांवर व तळपायांवर कठीण दाण्यांसारख्या गाठी येतात. पश्चिम बंगालमधील अशा रुग्णांचे निदान १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी केले. बिहार, उत्तर प्रदेश आणि आसाममधील काही भागांतही भूजलात आर्सेनिकचे प्रमाण अधिक आढळले आहे. दोन्ही तळहात व दोन्ही तळपाय यांवर एकाच वेळी असे दाणे येणे आणि अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे डाग दिसणे ही आर्सेनिकबाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी चामखिळीचे औषध निरुपयोगी असून पिण्याच्या पाण्याचा स्रोत बदलणे हाच पहिला उपाय ठरतो.

क्वचित प्रसंगी तळपायावरील त्वचेचा कर्करोगही आरंभी चामखिळीसारखाच दिसतो. प्रौढ वयात नव्याने आलेली, वेगाने वाढणारी, वारंवार रक्त येणारी, रंग बदलणारी किंवा अनेक महिने उपचार करूनही चिघळत राहणारी गाठ त्वचारोगतज्ज्ञांना दाखविणे आवश्यक आहे. गरज भासल्यास तिचा लहानसा तुकडा तपासून निदान निश्चित करता येते.

उपचार करणे आवश्यक आहे काय?

वेदना नसल्यास चामखीळ तशीच राहू देणे हाही वैद्यकशास्त्राला मान्य असलेला पर्याय आहे. संस्थांमध्ये राहणाऱ्या मुलांची दोन वर्षे पाहणी करून १९६३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश चामखिळी उपचाराविना नाहीशा झाल्याचे आढळले. शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला विषाणूची ओळख पटली की चामखीळ विरू लागते. मुलांमध्ये हे लवकर घडते, तर प्रौढांमध्ये त्याला अधिक काळ लागतो.

चालताना वेदना होणे, चामखिळींची संख्या वाढत जाणे, रोगप्रतिकारशक्ती क्षीण असणे किंवा दोन वर्षांनंतरही विकार कायम राहणे, अशा परिस्थितीत उपचारांचा विचार करावा, असे सर्वसाधारणपणे सुचविले जाते. विषाणूला थेट नष्ट करणारे खात्रीशीर औषध आजही उपलब्ध नाही. बाधित त्वचा हळूहळू काढून टाकणे किंवा रोगप्रतिकारशक्तीला जागृत करणे, या दोन तत्त्वांवर सर्व उपचार आधारलेले आहेत.

सॅलिसिलिक आम्ल

सर्वाधिक वापरला जाणारा आणि कमी खर्चाचा उपचार म्हणजे सॅलिसिलिक आम्ल. हे औषध त्वचेचा कठीण थर मऊ करून सोलून काढते. भारतात सॅलिसिलिक आम्ल व लॅक्टिक आम्ल प्रत्येकी सुमारे १७ टक्के असलेले द्रावण औषधांच्या दुकानांत मिळते. कुरुपावर लावण्याच्या गोल पट्ट्यांमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत असते.

औषध लावण्याची पद्धत पुढीलप्रमाणे आहे. रात्री झोपण्यापूर्वी पाय पाच ते दहा मिनिटे कोमट पाण्यात बुडवून ठेवावा. त्यानंतर मऊ पडलेला वरचा थर कानशीने किंवा घासदगडाने हलकेच घासून काढावा. रक्त येईपर्यंत घासू नये. पाय कोरडा करून चामखिळीभोवतालच्या निरोगी त्वचेवर व्हॅसलिन लावावे, जेणेकरून ती भाजणार नाही. त्यानंतर औषधाचा थेंब केवळ चामखिळीवर लावून तो सुकू द्यावा आणि वर चिकटपट्टी लावावी. हा क्रम दररोज, सुमारे १२ आठवडे चालू ठेवावा लागतो. त्वचा लाल होऊन दुखू लागल्यास काही दिवस खंड घेऊन पुन्हा आरंभ करावा.

या उपचारात अपयश येण्याचे प्रमुख कारण म्हणजे सातत्याचा अभाव. दोन-तीन आठवड्यांत वेदना कमी होते, औषध थांबविले जाते आणि आत उरलेल्या विषाणूमुळे चामखीळ पुन्हा वाढते. चामखिळीच्या जागी त्वचेच्या रेषा पूर्ववत दिसू लागल्या आणि काळे ठिपके नाहीसे झाले, तरच विकार बरा झाला असे समजावे.

शीतोपचार

उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठविण्याच्या पद्धतीला शीतोपचार किंवा क्रायोथेरपी म्हणतात. दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने हा उपचार अनेक वेळा करावा लागतो. उपचारानंतर वेदना होतात, फोड येऊ शकतो आणि सावळ्या त्वचेवर काही काळ पांढरट डाग राहू शकतो.

हा उपचार महाग असल्याने तो अधिक गुणकारी असावा, असा समज आहे. तळपायाच्या बाबतीत तो सिद्ध झालेला नाही. ब्रिटन व आयर्लंडमधील १२ वर्षांवरील २४० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दवाखान्यातील शीतोपचार आणि रुग्णाने घरी दररोज लावलेले ५० टक्के सॅलिसिलिक आम्ल यांची तुलना करण्यात आली. १२ आठवड्यांनंतर दोन्ही गटांतील केवळ १४ टक्के रुग्णांच्या चामखिळी पूर्णतः नाहीशा झाल्या होत्या. सहा महिन्यांनंतर रुग्णांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे हे प्रमाण आम्लाच्या गटात ३१ टक्के, तर शीतोपचाराच्या गटात ३४ टक्के होते. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अन्य एका चाचणीत हातांवरील सामान्य चामखिळींना शीतोपचाराचा स्पष्ट लाभ झाला. तळपायावरील चामखिळींच्या बाबतीत मात्र आम्ल, शीतोपचार आणि केवळ वाट पाहणे यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

या आकडेवारीचा अर्थ उपचार व्यर्थ आहेत असा नाही. जो उपचार स्वस्त, कमी वेदनादायक आणि घरी करता येण्याजोगा आहे त्यापासून आरंभ करावा आणि त्याला पुरेसा अवधी द्यावा, हा त्यातून निघणारा व्यावहारिक बोध होय.

प्रतिकारशक्तीला जागविणारे उपचार

अन्य उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा संख्येने अनेक असलेल्या चामखिळींसाठी भारतातील त्वचारोगतज्ज्ञ रोगप्रतिकारशक्तीवर आधारित उपचारांचा अवलंब करतात. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लस किंवा ड जीवनसत्त्वाचे द्रावण एका चामखिळीत टोचले जाते. त्यामुळे जागृत झालेली प्रतिकारशक्ती दूरच्या, न टोचलेल्या चामखिळींवरही परिणाम करू शकते. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांच्या नेतृत्वाखाली मूलतः कुष्ठरोगासाठी विकसित झालेली ‘मायकोबॅक्टेरियम डब्ल्यू’ ही लसही या कामी वापरून पाहण्यात आली आहे. रुग्णाच्याच चामखिळीचा सूक्ष्म तुकडा घेऊन तो त्याच्या त्वचेखाली रोवण्याची पद्धतही भारतात प्रचारात आहे. यांतील बहुतेक अभ्यास लहान प्रमाणावरील असल्याने हे उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचे असतात.

विद्युत्-दहन, लेसर आणि शस्त्रक्रिया हे शेवटचे पर्याय होत. त्यांच्यामुळे चामखीळ तत्काळ निघते, परंतु ती पुन्हा उद्भवू शकते आणि तळपायावर वेदनादायक व्रण राहण्याची शक्यता असते.

प्रचलित उपायांविषयी

होमिओपॅथीतील थुजा हे औषध चामखिळीवर भारतात मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. कॅनडातील १७४ रुग्णांवर झालेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थुजासह तीन होमिओपॅथिक औषधे तळपायाच्या चामखिळींवर देण्यात आली. १८ आठवड्यांनंतर औषध घेणारा गट आणि औषधविरहित गोळ्या घेणारा गट यांत उल्लेखनीय फरक दिसून आला नाही.

चिकटपट्टी लावून चामखीळ झाकून ठेवण्याचा उपाय २००२ मध्ये अमेरिकेतील एका लहान चाचणीनंतर प्रसिद्धीस आला. त्यानंतर २००६ व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत त्याचा निर्विवाद लाभ सिद्ध झाला नाही. मात्र त्यापासून अपायही फारसा नसतो.

बिब्बा घालणे, चुना लावणे, तापलेल्या सळईने डागणे किंवा दाढीच्या पात्याने कापणे हे प्रकार मात्र सर्वथा टाळावेत. बिब्ब्याच्या तेलाने त्वचेवर गंभीर फोड येतात, चुन्याने त्वचा भाजते आणि पात्याने झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. शिवाय कापताना निघालेल्या रक्तासोबत व त्वचेच्या कणांसोबत विषाणू आसपास पसरून नव्या चामखिळी उद्भवतात.

स्वतः उपचार कोणी करू नयेत?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२१ मध्ये देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक होती. दीर्घकालीन मधुमेहात पायांतील संवेदना मंदावतात आणि रक्तपुरवठाही कमी होतो. अशा पायावर कुरुपाची पट्टी लावल्यास त्यातील आम्लाने निरोगी त्वचा भाजली तरी रुग्णाला वेदना जाणवत नाही. जखम लक्षात येईपर्यंत ती खोल गेलेली असते.

त्यामुळे मधुमेहाचे रुग्ण, कुष्ठरोगामुळे पायाची संवेदना गमावलेले रुग्ण आणि पायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेले रुग्ण यांनी औषधाच्या दुकानातून आणलेला कोणताही आम्लयुक्त लेप किंवा पट्टी स्वतःहून वापरू नये. गर्भवती महिला, लहान मुले आणि रोगप्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारे रुग्ण यांच्याबाबतीतही आधी वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट होय.

प्रतिबंधक उपाय

सामायिक स्नानगृहांत व तलावाच्या काठावर स्लिपर वापरावी. स्नानानंतर पाय व बोटांमधील बेचके कोरडी करावीत. घरातील सर्वांसाठी न्हाणीघरात एकच वज्री किंवा घासदगड ठेवण्याची प्रथा अनेक कुटुंबांत आहे. चामखीळ असलेल्या व्यक्तीने मात्र ही साधने, टॉवेल, मोजे आणि पादत्राणे वेगळी ठेवावीत. चामखीळ घासण्यासाठी वापरलेल्या कानशीने निरोगी त्वचा किंवा नखे घासू नयेत. चामखीळ खाजवू किंवा कुरतडू नये आणि तिला स्पर्श झाल्यास हात धुवावेत. पोहण्यास जाताना ती जलरोधक पट्टीने झाकणे पुरेसे असते. या विकारामुळे मुलांना शाळेत किंवा खेळास जाण्यापासून रोखण्याची आवश्यकता नसते.

तळपायाच्या चामखिळीवर एका दिवसात गुण देणारा उपाय नाही. विकार चामखिळीचाच आहे याची खात्री करून घेतल्यास, कापाकापी टाळल्यास आणि निवडलेला उपचार नियमितपणे चालू ठेवल्यास बहुतेक रुग्णांचा पाय कोणताही व्रण न राहता पूर्ववत होतो. १२ आठवड्यांच्या नियमित उपचारानंतरही फरक न पडल्यास, तसेच पू, सूज, तीव्र वेदना किंवा रक्तस्राव आढळल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील त्वचारोग विभागांत ही तपासणी होऊ शकते.